आठ डब्यांचं चाक

आई पडली तेव्हा मी दुकानात एका जुन्या फोटोला चौकट ठोकत होते. फोन आला पाटापलीकडच्या शिंपिणीचा. "तुझी आई पायऱ्यांवरून घसरलीय. शुद्धीवर आहे, शिव्या देतेय. मी पुलावरून वळसा घालून तिच्याकडे निघालेय. तू पण नीघ."

शिव्या देतेय म्हटल्यावर माझा जीव जरा भांड्यात पडला. तरी अंगावरचा एप्रन न सोडताच मी धावत सुटले.

आमचं घर तळमजल्यावर. पुढे रस्ता, मागे आईची बाग. बाग म्हणजे एखादा ट्रक जेमतेम उभा राहील एवढी माती, पण तेवढ्यात तिनं टोमॅटो, कांदे, घेवडा, कोबी आणि दोन हट्टी गुलाब कोंबलेत. बाग संपते तिथून सात दगडी पायऱ्या खाली उतरतात आणि खाली पाट वाहतो. धरणातून निघून खालच्या कारखान्याकडे जाणारा दगडी पाट. पाणी गुडघाभर, पण वेग असा की चप्पल पडली तर माणूस धावून हात टेकतो. आई रोज सकाळी चार आणि संध्याकाळी चार बादल्या त्या पायऱ्यांवरून वर आणायची. वय वर्षं एकोणऐंशी.

मी पोचले तेव्हा ती तिसऱ्या पायरीवर बसली होती, डावा हात उजव्या हातात धरून. शिंपिणीनं गळ्यातली मोजपट्टी तशीच ठेवून तिच्या मनगटाला झोळी बांधली होती.

"कांद्यांना पाणी राहिलंय," आई म्हणाली.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. कंबरेला मुका मार. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला आणि सहा आठवडे प्लास्टर सांगितलं. तोवर दादा आला. माझा मोठा भाऊ. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल. दादा लिफ्टची तपासणी करतो. शहरातल्या उंच उंच इमारतींत माणसांना वरखाली नेणारी यंत्रं ठाकठीक आहेत की नाहीत, हे बघून तो सही करतो. आणि त्याची आई सात पायऱ्यांवरून बादल्या वाहते.

आल्या आल्या तो म्हणाला, "अरे देवा. पंपाचं मी बघतच होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांपूर्वी मी त्याला म्हटलं होतं, एक छोटा पंप बसव, तुझ्या ओळखीचे लोक आहेत. तो म्हणाला, बघतो. दिवाळखोरीत निघालेल्या दुकानाची पाटी जशी तशीच लटकत राहते, तसं ते 'बघतो' दोन वर्षं आमच्या घरात लटकत होतं. फोनवर बघतो, जेवताना बघतो, गाडीत बसता बसता काच खाली करून बघतो.

"काय बघतोयस?" मी म्हटलं. "दोन वर्षं काय बघतोयस तू? ती पडायची वाट?"

"हळू बोल. दवाखाना आहे."

"मला माहितीय दवाखाना आहे! तुझ्यामुळेच आहे!"

परिचारिकेनं मान वळवून पाहिलं. खाटेवरून आई म्हणाली, "भांडायचं तर बाहेर जा दोघं. माझा हात मोडलाय, कान नाही."

दादा माझ्याशी बोलायचं टाळून खिडकीकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं आणि त्यानं ते गिळलं, हे मला तेव्हाही दिसलं होतं. मला वाटलं, लाज असेल. असायलाच हवी, असंही वाटलं.

आईला त्यानं आपल्या घरी नेलं. सहावा मजला, लिफ्ट, वहिनी दिवसभर घरी. माझं दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, त्यामुळे मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आई गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "बाग मारू नकोस."

मग मी बादल्या वाहिल्या. पहिल्या दिवशी आठ. पायऱ्या ओल्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि भरलेली बादली पोटरीवर आपटत राहते. मी पन्नाशीला आले आहे, लाकडाच्या पट्ट्या उचलून दंड चांगले भरलेत, तरी दुसऱ्या दिवशी मला दुकानात वाकता येईना. एकोणऐंशी वर्षांची बाई हे रोज करत होती आणि मी रोज सकाळी खिडकीतून तिला बघत चहा पीत होते. हा विचार आला की मी तो लगेच दादाकडे ढकलून द्यायची. पंप त्यानं आणायचा होता.

चौथ्या दिवशी सकाळी बादली माझ्या हातातून सुटली आणि पाण्यात गेली. एकदा गिरकी घेतली आणि निघाली. मी काठाकाठानं धावले, भिंत आडवी आली तिथे थांबले. बादली कारखान्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

पलीकडून शिंपीण म्हणाली, "गेली."

"दिसतंय मला!" मी खेकसले.

तिथेच उभी राहून मी त्या पाण्याकडे बघत राहिले. इतका राग आला होता की पाण्याला लाथ मारावी. एवढा जोर! एवढी ओढ, दिवसरात्र, फुकट, आमच्या दाराशी. बादली पळवून न्यायला याला जोर आहे, मग वर द्यायला काय झालं? आणि मग मी तो प्रश्न रागानं नाही, नीट विचारला. वर द्यायला काय झालं?

त्या दिवशी दुकानात मी चौकटीच्या नमुन्याच्या कागदामागे चाकाचं चित्र काढलं. मालक चष्मा कपाळावर सरकवून बघत होते. मी त्यांच्याकडे चोवीस वर्षं काम करतेय. ते काच कापतात, मी लाकूड.

"हे काय?"

"पाणचक्की. म्हणजे चक्की नाही, नुसतं चाक. पाण्यानं फिरेल, त्याला डबे बांधलेले, डबे खाली भरतील आणि वर ओततील."

"तुला येतं?"

"चौकट येते ना. ही आठ कोनांची चौकट आहे, बस. चार कोनांना पंचेचाळीस अंशांचा काप घेतो आपण, याला साडेबावीसचा."

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "राग कुणावर आहे?"

"भावावर."

"मग मापं सकाळी घे. तू चिडलीस की दोन मिलीमीटर जास्त कापतेस. आठ कोनांत सोळा होतील." आणि आतल्या खोलीतल्या जाड फळ्या ने म्हणाले, एका हॉटेलनं नाकारलेल्या आहेत, नाहीतरी जागा अडवून बसल्यात.

घरात जागा म्हणजे आईची खोलीच. माझ्या खोलीत पलंग आणि कपाट धरून माणूस आडवा चालतो. मी आईचा पलंग भिंतीला लावला, गादी गुंडाळून उभी केली, तिचं लुगड्यांचं कपाट चादरीनं झाकलं, आणि मधोमध दोन स्टुलांवर फळी टाकून कामाला लागले. रोज दुकानातून आल्यावर दोन तास, रविवारी अख्खा दिवस.

चाक सहा फुटांचं. दार अडीच फुटांचं. हे मी आधीच मोजलं होतं, कारण चाक दारातून बाहेर निघत नाही म्हणून हसायला दादा आला असता, आणि तो आनंद मी त्याला देणार नव्हते. म्हणून सगळं बोल्टांवर. दोन आठकोनी कडी, एक या बाजूला, एक त्या बाजूला. प्रत्येक कड्याला मधल्या जाड गोल चकतीपासून निघालेले आठ आरे. आणि दोन कड्यांमध्ये, प्रत्येक कोनावर एकेक पाती, म्हणजे पाण्याचा धक्का झेलणारी आडवी फळी. मधून जाणारी आस चिवट लाकडाची, मनगटाएवढी. ती मी रंधा, मग काच, मग पॉलिशचा कागद घेऊन गोल केली. काचेनं लाकूड तासताना एक बारीक कुरकुर आवाज येतो. तो आवाज मला फार आवडतो. त्या आठवड्यात तेवढंच आवडत होतं.

बाकी सगळं मी दात आवळून केलं. करवत ओढताना दादाला सुनावायची वाक्यं तयार करायची मी. एका आऱ्यामागे एक वाक्य. 'तू सही करतोस त्या लिफ्टमध्ये मी तरी बसणार नाही.' 'आईला तू सहाव्या मजल्यावर नेलंस कारण तळमजल्यावर तुला तोंड दाखवता येत नाही.' एकदा वाक्य इतकं छान जमलं की हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं. त्याचाही दोष मी त्याच्याच खात्यात टाकला.

रोज फोन यायचा. आई विचारायची, "घेवडा?" मी म्हणायची, "आहे." "गुलाब?" "आहेत." "तुझा आवाज असा का येतोय?" "तोंडात खिळे आहेत." तिला वाटायचं मी दुकानातूनच बोलतेय.

डबे रंगाचे. रंगाऱ्याकडून दोन लिटरचे आठ रिकामे डबे आणून, घासून, कड्याच्या बाहेरच्या अंगाला जरा तिरपे बसवले. दोन्हीकडे स्टुलांवर फळ्या रचून, त्यांवर आस टेकवून खोलीत उभं केलं तेव्हा चाक छताला टेकायला बोटभर कमी होतं. हातानं एक धक्का दिला. फिरलं. कुठेही घासलं नाही. आईच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी, सहा फुटांचं चाक आवाज न करता फिरत होतं आणि मी एकटीच उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "हे बघ! हे 'बघतो' नाही, हे केलंय!"

रविवारी शिंपीण मदतीला आली. चाक पुन्हा सुटं करून आम्ही पायऱ्यांशेजारी नेलं. भिंतीत लोखंडी कंस ठोकला होता, त्यावर आसेचं एक टोक. दुसरं टोक पाटात उभ्या केलेल्या लाकडी घोडीवर, घोडीच्या पायांशी दगड रचलेले. दोन्हीकडे चिवट लाकडाचे खाचदार ठोकळे, त्यांत ग्रीस. मी मांडीपर्यंत भिजले. शिंपीण वरून दोर धरून होती.

"आईला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही. आल्यावर बघेल."

"विचारलं पण नाहीस?"

"विचारायचं काय त्यात? बादल्या बंद होणार तिच्या. रोजच्या आठ."

ती दोर हातात घट्ट धरून पाण्याकडे बघत राहिली.

दोर सोडला. पात्यांनी पाणी धरलं, चाक अर्धा फेरा गेलं, पहिले तीन डबे भरून वर निघाले, आणि चाक थांबलं. थरथरत उभं राहिलं, मग सावकाश उलटं आलं आणि तिन्ही डबे माझ्या डोक्यावर रिते झाले.

शिंपीण हसली. मी हसले नाही. मी त्या चाकाला जे बोलले ते दादालाही कधी बोलले नव्हते. दोन लिटरचे डबे जड होत होते, एवढी साधी गोष्ट. तिथेच पायरीवर बसून पत्रा कापायच्या कात्रीनं मी आठही डबे निम्मे केले, कडा आत दुमडल्या, आणि पात्यांना प्रत्येकी एक पट्टी जोडून त्या चार बोटं रुंद केल्या. दुपार टळली. परत दोर सोडला.

चाक फिरलं. पहिला डबा वर गेला, कलला, आणि मी बसवलेल्या पन्हळीत पाणी पडलं. दुसरा. तिसरा. निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं, पण मिनिटाला एक बादली तरी पन्हळीतून घेवड्याकडे निघाली होती. मी चिखलात उभी राहून ते फोनवर टिपलं आणि दादाला पाठवलं.

त्याचं उत्तर आलं: 'छान. पण पाण्याच्या खात्याची परवानगी घेतलीस का?'

मी लिहिलं: 'आईनं पडायची परवानगी घेतली होती का?'



सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि त्याच संध्याकाळी दादा आईला घेऊन आला. मी खोली झाडली होती, तीनदा. तरी तिनं पलंगावर बसता बसता गादीच्या शिवणीतून लाकडाची एक ढलपी काढली आणि उजेडाकडे धरली.

"माझ्या खोलीत काय कापत होतीस?"

"चल, दाखवते," मी म्हटलं. बक्षीस घ्यायला मंचावर चढावं तशी मी पुढे निघाले.

ती दाराच्या चौकटीशी आली आणि थांबली. चाक फिरत होतं. पन्हळीतून पाणी येत होतं. घेवडा तिच्या खांद्याएवढा झाला होता. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच केलं. आता तुला एकही बादली—"

"मी विचारलं, कुणी सांगितलं होतं?" तिचा आवाज चढला. अशक्त झालेला हात तिनं पोटाशी धरला होता आणि दुसऱ्यानं चाकाकडे बोट. "माझ्या पायरीवर सगळं पाणी उडतंय. मी बसते ती जागा आहे ती!"

"तू तिथे बसतेस?"

"नाही तर काय, आठ बादल्यांना इतका वेळ लागतो का मला? तू खिडकीतून बघत होतीस ना रोज? काय बघत होतीस?" तिला दम लागला, पण ती थांबली नाही. "चार वेळा खाली जाते मी, चार वेळा ती पलीकडे मशीन थांबवून दारात येते. अकरा वर्षं. एका बादलीला तिच्या घरातलं, एका बादलीला आपल्या घरातलं. पाणी काय, पाणी तर नळानंही घातलं असतं मी! सहा आठवडे त्या सहाव्या मजल्यावर भिंतीशी बोलत काढले, आणि आले तर तू माझा रस्ताच बंद करून ठेवलास!"

मी चिडले. "अगं पण तू पडलीस! हात मोडून घेतलास! आम्ही काय, बघत बसायचं?"

"कठडा मागितला होता मी!"

चाकाचा खळखळाट तेवढा चालू होता.

"पंप मागितला नव्हता, चाक मागितलं नव्हतं. धरायला एक कठडा मागितला होता. तुला. तीनदा. तू लाकडाचं काम करतेस म्हणून तुला. तीनदा तू म्हणालीस, बघते."

मला आठवलं. म्हणजे, आठवण आली नाही. ती तिथेच होती, मी तिच्यावर इतके दिवस फळ्या रचत होते. पहिल्यांदा तिनं मागितलं तेव्हा हॉटेलची मोठी ऑर्डर होती. दुसऱ्यांदा मी जेवत होते, ताटावरून मान वर न करता बोलले असेन. तिसऱ्यांदा ती दुकानात आली होती, मुद्दाम, चालत, मालकांसमोर तिनं हातानं उंची दाखवली, एवढा, माझ्या कंबरेएवढा, आणि मी म्हटलं, बघते, आई, गिऱ्हाईक आहे.

दादा मागे उभा होता. मी त्याच्यावर वळले. वळायला दुसरं कुणी नव्हतं.

"आणि तू? तू पंप आणला असतास तर—"

"आणला होता," दादा म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. "दोनदा. एकदा गाडीत घालून दारापर्यंत आणला, तू दुकानात होतीस. हिनं परत पाठवला. म्हणाली, तिला सांगू नकोस, ती भांडेल. मग मी काय सांगायचं तुला? बघतो, बघतो! दवाखान्यात सगळ्यांसमोर तू मला धुतलंस आणि मी गप्प बसलो. कठड्याचं मला कुणी बोललं असतं तर मी चार तासांत लोखंडी बसवून घेतला असता."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?" मी आईला विचारलं.

"लोखंडी गंजतो," आई म्हणाली. "आणि घरात सुतारकाम येणारी मुलगी असताना मी त्याला कशाला सांगू?"

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दादा आणि मी बागेत उभे राहिलो. त्याला सुनावायची सगळी वाक्यं माझ्याजवळ तयार होती, घासून गुळगुळीत केलेली, आणि एकही उपयोगाचं नव्हतं. राग मात्र जसाच्या तसा होता. आईवर होता: तिनं ओरडून का नाही सांगितलं, माझी करवत हिसकावून का नाही घेतली? दादावर होता, त्यानं तिचं ऐकलं म्हणून. आणि तीनदा मान वर न करणाऱ्या त्या बाईवर होता. तिला काय सुनावावं, हे मला अजून जमत नाही.

मी खाली उतरले आणि दोर टाकून चाक बांधलं. पाणी पात्यांवर आदळत राहिलं.

"रविवारी येतो," दादा वरून म्हणाला. "खांब रोवायला दोन माणसं लागतात."

"मला जमेल."

"जमेल तुला, माहितीय. तरी येतो."

आठवडाभर आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीठ दे, खिडकी लाव. पायऱ्या तिला एकटीनं उतरायची बंदी होती, त्या बंदीचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. ती दारातून पलीकडे हात करायची, शिंपीण हात करायची, मधे पाण्याचा आवाज. एकीचं दुसरीला ऐकू जाईना.

दुकानात मी मालकांना सांगितलं, चांगलं लाकूड हवंय, नाकारलेलं नको, पगारातून कापा. त्यांनी कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्यासमोर ती हातानं उंची दाखवून गेली होती ना, त्याला. ते म्हणाले, "मला वाटलं, ते कधीच झालं असेल." मला त्यांचाही राग आला.

रविवारी दादा पहार आणि सिमेंट घेऊन आला. आई दारात खुर्ची टाकून बसली. आम्ही चार खांब रोवले. दादा ओळंबा धरून 'डावीकडे, अजून डावीकडे' करत होता, मी 'दिसतंय मला' म्हणत होते, आणि आई दोघांनाही म्हणत होती की तुमच्या वडिलांना एक खिळा सरळ ठोकता यायचा नाही, तुम्ही त्यांच्यावरच गेलात. वरची पट्टी मी आठवडाभर तासली होती, हाताच्या मुठीत बरोबर बसेल अशी. उंची मी आईची कंबर मोजून घेतली. ती उभी राहिली, टेप लावू दिली, माझ्याकडे न बघता.

"चाक काढून टाकू?" मी टेप गुंडाळताना विचारलं.

"त्याला कशाला? केलंस ना एवढं." तिनं वाफ्यांकडे पाहिलं. "लांबच्या वाफ्यांना सोडत जा रविवारी. माझ्या पायरीपासून दोन हात पलीकडे सरकव. आणि मी खाली असेन तेव्हा बांधून ठेवायचं. बोललेलं ऐकू येत नाही."

सिमेंट सुकायला तीन दिवस दिले. चाक मी संध्याकाळी पाण्यात उभी राहून दोन हात पलीकडे नेलं; कंस उखडून नवीन भोकं पाडावी लागली आणि दगडात छिन्नी दोनदा घसरली. चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानात उशिरा येते म्हणून सांगितलं. आईनं एक लहान बादली घेतली, अर्धी भरेल अशी. उजव्या हातानं कठडा धरला, दाबून पाहिला, हलवून पाहिला, वरच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"इथे जरा खरखरीत आहे," ती म्हणाली.

"घासते."

"आज घास. उद्या नको."

ती एकेक पायरी उतरली. मी तिच्या पुढे, उलटी, हात पसरून, ती पडली तर झेलायला. चौथ्या पायरीवर ती म्हणाली, "बाजूला हो, मला खालचं दिसत नाहीये." मी झाले. सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर ती बसली, चपला काढून शेजारी ठेवल्या, आणि पाय पाण्यात सोडले. पलीकडे शिवणयंत्राची खडखड थांबली. शिंपीण दारात आली, दोऱ्याचं टोक दातांनी तोडत.

"आलीस का एकदाची?" ती ओरडली. "हात दाखव!"

आईनं हात वर करून मनगट फिरवून दाखवलं. मी तिथेच उभी होते, भिजलेल्या पायांनी, चाकाचा दोर हातात धरून. माझ्याबद्दल काहीतरी बोलणं निघेल, निदान कठड्याबद्दल, असं मला वाटत होतं.

आईनं मागे वळून पाहिलं.

"तू वर जा," ती म्हणाली. "आम्हाला बोलायचंय."

मी दोर कड्याला नीट बांधला आणि पॉलिशचा कागद आणायला वर गेले.